लुंबिनीतल्या मुक्कामाचा कर

लुंबिनीला रात्र काढली तर कर द्यावा लागतो, हे आम्हाला पहिल्यांदा कळलं ते मानोऱ्याच्या विहारात. सत्तरनंतरचं दशक अर्धं सरलं होतं. वाशीम जिल्हा तेव्हा झाला नव्हता. आमचा जिल्हा अकोला. मी मानोऱ्याजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात मी, माय आणि वडिलांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या, अशा आम्ही तिघी. आत्याला नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं. ती लोकांच्या शेतात कामाला जायची आणि कोणाचं ऐकून घ्यायची नाही.

वाशीमचे एक निवृत्त तलाठी दरवर्षी बौद्ध तीर्थांची यात्रा काढायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्या वर्षी वैशाखात, शाळेला सुटी लागल्यावर निघायचं ठरलं होतं. काशी, सारनाथ, बोधगया आणि यंदा पहिल्यांदाच लुंबिनी. वर्गणी सांगून झाली, गाड्या सांगून झाल्या आणि मग काका घसा खाकरून म्हणाले, "आता एक ध्यानात ठेवा. लुंबिनी नेपाळात हाय. ते येगळं राज्य हाय, तिथं राजा हाय. तिथं रातीचा मुक्काम केला तं कर लागते. तो आपल्या वर्गणीत धरला नाही. ज्याचा त्यानं द्याचा."

आत्या मागून म्हणाली, "कायचा कर?"

"राह्याचा."

"राहाले कोन चाललं? आमी तं पाहाले चाललो."

लोक हसले. काकाही हसले, पण त्यांना पुढचं काही सांगता आलं नाही. कर किती, माणशी की खोलीमागे, कोणाकडे भरायचा, हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, ते त्यांनी आम्हाला सांगितलं.

एरवी मी म्हटलं असतं, लुंबिनी राहू द्या, बाकीचं पाहू. पण माय बाकीच्यासाठी जातच नव्हती. तिला फक्त लुंबिनी पाहायची होती आणि तिचं कारण तिनं आम्हा दोघींशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. मायचा जन्म वाटेवर झाला होता. तिची माय दिवस भरलेले असताना डोक्यावर टोपलं घेऊन माहेरी निघाली होती. पोहरादेवीच्या अलीकडे एका मोहाच्या झाडाखाली तिला कळा आल्या. तिथंच माय जन्मली आणि आठवडा व्हायच्या आत तिची माय गेली. त्या बाईचा ना फोटो, ना कोणाच्या आठवणीत चेहरा. छप्पन साली आमच्या घरानं धम्म घेतला. पुढे एकदा विहारात भंतेजींनी मायादेवीची गोष्ट सांगितली: ती माहेरी निघाली होती, वाटेत झाडाखाली बाळंत झाली आणि सातव्या दिवशी वारली. माय घरी आली आणि चुलीपाशी बसून म्हणाली, "हे तं माह्या मायचं हाय." तेव्हापासून तिला ते ठिकाण पाहायचं होतं.

म्हणून कराचा छडा लावायचं काम माझ्याकडे आलं. घरात शिकलेली मी एकटी.

आधी मी आमच्या मुख्याध्यापकांना विचारलं. त्यांनी नकाशाचं पुस्तक काढलं, नेपाळवर बोट ठेवलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "परदेश म्हटला की पासपोर्ट आला, परकीय चलन आलं, त्याची परवानगी आली. कर तर त्याच्या पुढची गोष्ट." तेव्हा बँकेत विचारायचं ठरवलं. एका रविवारी मुद्दाम वाशीमला गेले. बँक बंद असणार हे तिथं गेल्यावर लक्षात आलं. पुढच्या शनिवारी अर्ध्या दिवसाच्या शाळेनंतर धावतपळत गेले, तेव्हा तिथले रोखपाल म्हणाले, "बाई, नेपाळला जायला आपल्याला पासपोर्ट लागत नाही. आपल्या नोटा चालतात तिथं."

"मग मुक्कामाचा कर?"

"तो त्यांच्या सरकारचा विषय. परदेशी माणसाकडून घेत असतील."

"पण पासपोर्ट लागत नाही म्हणता. मग आम्ही परदेशी धरले जाऊ की नाही?"

त्यांनी माझ्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं. मागे रांग होती. मी बाजूला झाले.

शिरपूरला एक जैन कापडवाले शेठजी होते. आमच्या घरचं कापड वर्षानुवर्षं त्यांच्याकडचं. शिरपूरला जुनं मंदिर, त्यामुळे बाहेरगावच्या यात्रेकरूंची ये-जा त्यांच्या दारावरून. स्वतः शेठजीही बऱ्याच तीर्थांना जाऊन आलेले. यात्रेसाठी तिघींना पांढरी लुगडी घ्यायची होती, म्हणून माय आणि मी एसटीनं गेलो. लुगडी बघता बघता मी कराचं काढलं.

शेठजींनी कापडाचा गठ्ठा बाजूला सारला. "हे पाहा बाई, यात्रेकरूचा कर येगळा, फिराले आलेल्याचा येगळा. तुमी सांगजा, आमी यात्रेकरू हाव. आन् हाटेलात राह्यले तं कर लागते, धर्मशाळेत राह्यले तं नाही लागत."

मला एकदम हलकं वाटलं. "म्हणजे धर्मशाळेत उतरलो की झालं."

"आपल्याकडं तसं हाय. परदेशातली धर्मशाळा ते धर्मशाळा धरतात का हाटेल धरतात, हे मले नाही सांगता येत." ते मायकडे वळले. "मी सांगू का माय, रातीचे पैसे येगळे बांधून ठेवा. त्याले खाण्यापिण्यात हात लावू नका. ज्याचे त्याले देजा."

मायनं ते मनावर घेतलं. किती बांधायचे हा प्रश्न उरला. मुख्याध्यापकांचा अंदाज भीती वाटावी असा होता, काकांचा अगदीच किरकोळ. मी दोन्हींच्या मधली एक रक्कम ठरवली आणि तेवढ्यासाठी यात्रेत बाहेर चहा प्यायचा नाही असंही ठरवलं. तो हिशेब कशावर उभा होता ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. मायनं ते पैसे जुन्या चोळीच्या तुकड्यात बांधले आणि कमरेला खोचले.

आत्याचं अजून समाधान झालं नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी शेंगदाण्याची चटणी कुटताना तिनं विचारलं, "मास्तरीनबाई, झोपलो तं कर. अन् रातभर बसून राह्यलो तं?"

"बसलं काय अन् झोपलं काय, आत्या, मुक्काम तो मुक्कामच."

"पण आपुन झोपलो का बसलो, हे पाहाले येते काय कोनी?"

मला खरंच माहीत नव्हतं. शेवटी तिनंच तोड काढली: आपण तिथं राहायचंच नाही. सकाळी सरहद्द ओलांडायची, बघायचं आणि दिवस बुडायच्या आत परत यायचं. काकांनाही ते पटलं आणि तसंच ठरलं.

वाशीमहून छोट्या रुळांच्या रेल्वेनं निघालो. पुढे गाड्या बदलत, पेट्यांवर बसत, काशी आणि गया करत गोरखपूरला पोहोचलो. तिथून सरहद्दीपर्यंत गेलो. मला वाटलं होतं, परदेश सुरू होतो तिथं काहीतरी दिसेल. तिथं एक आडवा बांबू होता, त्याच्या अलीकडेही पानाचं दुकान आणि पलीकडेही पानाचं दुकान. काकांनी सगळ्यांसाठी मोटार ठरवली होती. ती आपल्याकडची, म्हणून तिला आत जायचे पैसे एका कचेरीत भरावे लागले. त्या कचेरीवर 'भन्सार' असं लिहिलं होतं. अक्षरं आपलीच, पण शब्द मी कधी वाचलेला नव्हता. काका पावती हलवत आले, जकात म्हणाले.

माय मला म्हणाली, "देला ना कर? आता झालं."

"हा गाडीचा आहे, माय."

"गाडी बी राहाते काय तिथं?"

मी काकांना विचारलं. ते म्हणाले, गाडीचा दिवसाचा असतो. मग माणसांचा रात्रीचा आणि गाडीचा दिवसाचा, असं माझ्या डोक्यात बसलं. ते बरोबर की चूक हे मी नंतर कधी तपासलं नाही.

लुंबिनीला पोहोचलो तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. चहूकडे सपाट शेतं, थोडी झाडं, कठड्यातला दगडी स्तंभ, पाण्याचा चौकोनी तलाव आणि एक लहानसं पांढरं देऊळ. मंडळींनी स्तंभाला वंदन केलं, गाथा म्हटल्या. माय तिथं क्षणभरच थांबली. ती सरळ देवळात गेली. मी तिच्या मागोमाग.

आत थंड होतं, अंधूक होतं. समोर एक उभी शिळा. झाडाची फांदी धरून उभी असलेली बाई तिच्यावर कोरलेली होती, पण दगड इतका झिजलेला की हात कुठला आणि फांदी कुठली हे सांगितल्याशिवाय कळू नये. चेहरा तर राहिलाच नव्हता. आसपासच्या गावच्या बायकांनी तिला शेंदूर लावलेला होता. मला वाटलं, मायची निराशा होणार. एवढ्या लांबून आली आणि बघायला चेहराच नाही.

माय खाली बसली. पदर सावरला आणि बघत राहिली. मग म्हणाली, "तोंड नाही राह्यलं वं हिचं."

"दगड झिजलाय, माय."

"बरं झालं," ती म्हणाली. "आता कोनाचंबी बसते."

मी तिच्याजवळ बसले.

काका बाहेरून हाका मारायला लागले. उन्हं कलायच्या आत निघायचं होतं, दुसऱ्या दिवशी कुशीनगर होतं. मी मायला उठवायला गेले तर ती म्हणाली, "मले एक रात इथं राहू द्या. तुमी जा."

आत्या आली, काका आले. काकांनी परोपरीनं सांगितलं. माय वाद घालत नव्हती, फक्त उठत नव्हती. शेवटी आत्या काकांना म्हणाली, "काका, वयनीनं आजपावतर कोनाले काही मागतलं नाही. राहू द्या तिले. आमी दोघी हाव संगं." काकांनी कपाळाला हात लावला. ठरलं असं की मंडळींनी पुढे जावं, कुशीनगर करून गोरखपूरच्या धर्मशाळेत परत यावं आणि आम्ही तिघींनी परवा संध्याकाळपर्यंत तिथं येऊन मिळावं. परतीची तिकिटं काकांजवळच राहिली. जाताना ते मला म्हणाले, "आन् तो कर, तो तुमचा तुमी पाहा."

देवळाच्या जवळ एक धर्मशाळा होती. तिथल्या माणसानं आमची गावं विचारून घेतली आणि खोली दाखवली. चटई, मडकं, बस. मी लगेच विचारलं, "कर?"

तो म्हणाला, "हाँ हाँ, कर लो," आणि हातपंपाकडे बोट दाखवलं.

मी पुन्हा म्हटलं, "नहीं, कर! कर!"

"अरे बहन, कर लो ना. कौन मना करता है?"

तिघी हातपाय धुऊन आलो. मी अजून एकदा प्रयत्न केला, 'सरकारी पैसा' असं म्हटलं. तो म्हणाला, जाताना पेटीत काय टाकायचं ते टाका. ती पेटी सरकारची का, असं मी विचारलं, तर तो हसून निघून गेला. म्हणजे इथं कर आहे की नाही, आणि असला तर तो पेटीत जातो की काय, हे माझ्या लक्षात आलं नाही. पेटीत मी माझ्याजवळची एक नोट टाकली. ती दान धरायची की कर, हे ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय पुन्हा देवळात जाऊन बसली. आत्या आणि मी तलावाच्या पायरीवर कपडे वाळवत होतो. माय बाहेर आली ती चेहऱ्यावर पाणी मारून आल्यासारखी ताजी. चला म्हणाली. पण आता गाडी नव्हती. दुपार झाली तेव्हा एक मालाचा ट्रक मिळाला. वर ताडपत्री नाही. भैरहवा हे सरहद्दीजवळचं गाव येईपर्यंत मायला ऊन लागलं. तिला उलट्या सुरू झाल्या, अंग तापलं, पाय टेकेनात. सरहद्द तिथून जवळच होती, सायकलरिक्षा उभ्या होत्या. रिक्षात बसवायला गेलो तर तिची मान कलली. आत्यानं इकडे तिकडे पाहिलं आणि समोरच्या लॉजकडे बोट केलं.

"पण आत्या, इथं—"

"कर लागो का काही लागो. आधी वयनीले आडवी कर."

लॉज चालवणारी बाई डोंगराकडची होती. ठेंगणी, कानात सोन्याची मोठी फुलं, तोडकंमोडकं हिंदी. तिनं काही विचारलं नाही. खालच्या मजल्यावरची गार खोली दिली, मिठाचं ताक आणलं, ओलं फडकं आणलं. आत्यानं कांदा मागून घेतला आणि मायच्या तळपायांना चोळत बसली. दिवेलागणीला मायनं डोळे उघडले, ताक मागितलं, आणि आमच्या जिवात जीव आला.

सकाळी मी हिशेब विचारायला गेले. बाईनं खोलीचं भाडं सांगितलं आणि वर म्हणाली, "और कर."

हा कर खरा होता. मी थोडी खूश झाले म्हटलं तरी चालेल. इतके दिवस ज्याला शोधत होते तो शेवटी भेटला. "कितना?"

"भाड़ा कंपनी में दोगी कि मोरू में?"

मी आत्याकडे पाहिलं. आत्या मला म्हणाली, "हा मोरू कोन हाय?"

"मला काय माहीत? तिचा नोकर असेल."

"मंग त्याच्या हातात कायले द्याचे? हिच्याच हातात दे."

मी बाईला म्हटलं, मोरूको नहीं, आपको देंगे. ती गोंधळली. ती म्हणाली, मोरू नहीं है तो भाड़ा कंपनी में दो. मला वाटलं, कंपनी म्हणजे ट्रकवाली कंपनी, जिच्या गाडीतून आम्ही आलो ती. मी म्हटलं, उसको तो कल दे दिया. असं बरंच चाललं. शेवटी बाईनं गल्ल्यातून दोन नोटा काढून समोर ठेवल्या. एक आपली, एक त्यांच्या राजाच्या चित्राची. आपल्या पैशाला तिकडे 'कंपनी' म्हणत आणि त्यांच्या पैशाला 'मोरू'. भाडं तिला कुठल्याही पैशात चाललं असतं. कर मात्र ती मोरूतच मागत होती. तो तिला पुढे सरकारात भरायचा होता.

मी खोलीत आले. मायला म्हटलं, "माय, ते कराचे पैसे सोड."

"थे तं म्या देले."

"कोणाला?"

"तिले." मायनं लुंबिनीच्या दिशेनं मान हलवली. "काल सकाळी. तिच्या घरी रात राह्यलो, तं तिले देले. शेठजी म्हनले होते, ज्याचे त्याले देजा."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. रागवावं असं वाटलं, पण कशासाठी रागवायचं ते सापडेना. तिनं तर सांगितल्याबरहुकूमच केलं होतं. माझ्या पिशवीत जे होतं त्यात गोरखपूरपर्यंत पोहोचायचं, मायला काही खायला घालायचं, आणि वर हे भाडं आणि हा कर. मी मनात दोनदा मांडणी केली. दोन्ही वेळा वेगळं उत्तर आलं, आणि दोन्ही वेळा काही ना काही कमी पडत होतं.

आत्या उठली, पदर खोचला आणि बाईसमोर जाऊन बसली. तिला हिंदी येत नव्हतं. ती वऱ्हाडीतच बोलली, अधूनमधून 'है' लावून.

"बाई, हे खोली किसका है? तुझा है. अन् कर किसका है? राजाचा है. बरोबर? मंग राजाचं आमी देतो. तुझं तू सोड."

बाईला काय कळलं कोण जाणे, पण ती तोंडावर हात ठेवून हसायला लागली. मग तिनं मला विचारलं, म्हातारी इतक्या उन्हात तिकडे कशाला थांबली होती? मी जमेल तशा हिंदीत मायच्या जन्माचं सांगितलं. ती ऐकत होती, पण तिनं व्यवहारही सोडला नाही. पौर्णिमेची गर्दी यायची होती, स्वयंपाकघरात तांदळाची पोती निवडायला पडली होती. ती म्हणाली, भाडं सोडते, दुपारपर्यंत तुम्ही दोघी तांदूळ निवडा. कर मात्र द्यावा लागेल.

आत्या म्हणाली, "हे बोललीस. फुकट आमाले बी नको."

मग मी शेजारच्या दुकानात जाऊन आपली नोट मोडली. दुकानदारानं माझ्या हातात दिलेल्यापेक्षा जास्त रुपये ठेवले. मी ते परत करायला लागले. मला वाटलं तो चुकला. आत्या सोबत होती. तिला मी समजावलं की त्यांचा रुपया आपल्यापेक्षा हलका आहे. तिनं विचार केला आणि म्हणाली, "थोडे देले अन् जास्त आले. मंग अजून बदलव ना!"

"आत्या, परत आपल्याकडचे करायला गेलं की कमी होतात."

"मंग परत कायले कराचे?"

याचं उत्तर मी दुकानातून लॉजपर्यंत येताना शोधत होते.

कर दिला. तो मला भीती वाटली होती तेवढा नव्हता आणि काका म्हणाले होते तेवढा थोडाही नव्हता. पण मायच्या खाटेपाशी तांदूळ निवडताना मला एक प्रश्न पडला आणि तो अजून आहे. कर जर भाड्यावर असेल, तर भाडं तिनं घेतलंच नाही. मग तो कशावर? आणि माणशी असेल, तर माय आजारी होती, आत्या आणि मी तिच्या उशाशी बसून होतो, आम्हाला खाट एकच. बाईला विचारलं तर ती म्हणाली, "लगता है." लागतो. बस.

तिनं पावती दिली. तीही आपल्याच अक्षरांत, आणि तीही मला अर्धवटच कळली. खाली तारीख होती आणि साल होतं दोन हजारच्याही पुढचं. मी पुन्हा वाचलं. तेच. मोठ्यानं वाचलं तेव्हा आत्यानं तांदळातला हात थांबवला. "पोरी, आपुन कोठी आलो वं? इथं तं दोन हजार साल लागून गेलं!"

माय खाटेवरून म्हणाली, "मंग आपुन जित्या हाव का?" आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

दुपारी आत्यानं बाईच्या चुलीवर आमच्या पिठाच्या भाकरी थापल्या. बाईनं एक चटणीसोबत खाल्ली, ठसका लागला, पाणी प्यायली आणि अजून एक मागितली. उन्हं उतरल्यावर रिक्षा केली, सरहद्द ओलांडली आणि बसनं अंधार पडल्यावर गोरखपूर गाठलं. आम्हाला पाहून काकांना इतकं हायसं वाटलं की आधी ते रागावलेच. मग मी पावती दाखवली. त्यांनी चष्मा लावला.

"हे खोटी पावती हाय. साल पाहा."

मंडळी गोळा झाली. कोणी म्हणालं, यांना फसवलं. कोणी म्हणालं, यांनी निदान काही दिलं तरी, आपण तर काहीच दिलं नाही. पुढे गाडीत कोणी पावती विचारली तर? एकजण म्हणाला, आपण रात्र काढलीच नाही. दुसरा म्हणाला, पण जेवलो ना तिथं. कर जेवणावरही असतो का, यावर बराच वेळ गेला. शेवटी धर्मशाळेच्या व्यवस्थापकांनी सांगितलं की नेपाळात सालाची गणना वेगळी, आपल्या पुढे चालते. काका शांत झाले, पण पावती परत देताना म्हणाले, "आन् हे तं एकाच रातीची. तुमी दोन राती होत्या."

माय म्हणाली, "पयलीचा म्या देला, काका."

"पावती?"

मायनं नव्या लुगड्याचा पदर डोक्यावर घेतला आणि जेवायला बसली. त्या दिवशी ती पोटभर जेवली. परतीच्या गाडीत तिला खिडकी मिळाली आणि इटारसीपर्यंत ती शांत झोपली.

पुढच्या वर्षी काकांनी पुन्हा यात्रा काढली. मायची तब्येत बरी नव्हती आणि मला शिक्षकांच्या शिबिराला जायचं होतं, म्हणून आत्या एकटीच मंडळींसोबत गेली. यावेळी काकांनीच भैरहव्याला मुक्काम ठेवला होता. ती आल्यावर मी तिला धड बसूही दिलं नाही.

"आत्या, कर लागला का?"

"लागला म्हनते."

"किती?"

"त्या खोलीच्या पैशातच होता."

"पण त्यात कर किती आणि खोली किती?"

आत्यानं पिशवीतून ओलं लुगडं काढलं, झटकलं आणि दोरीवर टाकत म्हणाली, "मले काय माहीत? पंखा होता. झोप लय चांगली लागली."